कुंपणालगतच्या झावळ्या

भिवंडीतल्या कामतघरच्या बालवाडीत शिकवणारी कलावती लंकेला निघाली, तेव्हा चाळीतल्या निम्म्या बायका म्हणाल्या, ही रावणाच्या मुलखात चालली. उरलेल्या म्हणाल्या, बुद्धाच्या. तिची सासू गुणाबाई या दुसऱ्या बाजूची. भिंतीपलीकडच्या लूमखान्याचा खडखडाट असा, की चाळीत मायेचं बोलणंसुद्धा ओरडून करावं लागे. गुणाबाई ओरडूनच म्हणाली, "समदी आपलीच मानसं हायत तिथं. घरोघर बुद्ध हाय. तुला कसली भीती न्हाय."

हे १९८३ सालच्या मे महिन्यातलं. आदल्या पावसाळ्यात वस्तीतल्या विहारात लंकेचे एक भंते वर्षावासाला राहून गेले होते. कलावतीची बालवाडी त्यांनी पाहिली, पोरांच्या घोळक्यात मांडी घालून बसले आणि जाताना म्हणाले, माझी बहीण कोलंबोत अशीच शाळा चालवते, दोन महिने तिच्याकडे राहून जा. बोलणं हवेत विरेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण भंते आपल्या शब्दाला जागले. कलावतीचा नवरा बाळाराम नगरपालिकेच्या पाणीखात्यात होता. तो एवढंच म्हणाला, "जा. परत कोण बोलावणार हाय आपल्याला?"

न्यायला आलेले भंते आणि यात्रेला निघालेल्या काही उपासिका यांच्यासोबत गाडीने मद्रास, तिथून रामेश्वरम, मग बोट. बोटीवर ती पहिल्यांदा समुद्राच्या मधोमध आली आणि दोन्हीकडचा किनारा दिसेनासा झाला, तेव्हा तिने भंतेंच्या चिवराकडे नजर लावून धरली. पलीकडच्या काठावर उतरल्यावर मात्र तिचा जीव भांड्यात पडला. तीच नारळाची झाडं, तेच कावळे, तीच ओल्या मातीची वाट. वसईकडच्या एखाद्या गावात उतरल्यासारखं वाटलं.

भंतेंची बहीण विसाखा कोलंबोच्या कडेला नुगेगोडा भागात राहायची. विधवा बाई, पन्नाशीची, पांढऱ्या पातळातली, चेहरा सदा हसरा. तिने कलावतीला दारातच जवळ घेतलं आणि म्हणाली, "ये, नंगी, ये."

कलावती जागच्या जागी थिजली. पदर चाचपून पाहिला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून कोणीतरी खो खो हसलं आणि चक्क मराठीत बोललं, "अगो, घाबरू नको! नंगी म्हणजे यांच्यात धाकटी बहीण!"

ती राजेश्वरी. शेजारच्या घरातली तमिळ बाई, पण जन्म आणि शाळा माटुंग्याची. लग्न होऊन इथे आली त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत तिला मराठी बोलायला एकही माणूस मिळालं नव्हतं. नवरा तंबीराजा कोलंबो शहरातल्या पेट्ट्याच्या बाजारात एका दुकानाचे हिशेब बघायचा. मूल नव्हतं. दोन घरांच्या मध्ये झावळ्या विणून केलेलं कुंपण होतं, आणि त्या कुंपणाच्या बरोबर मध्यावर एक विहीर. अर्धी विहीर इकडे, अर्धी तिकडे. दोन्हीकडून बायका पाणी शेंदत.

या विहिरीवरच कलावतीची खरी शाळा भरली. विसाखाची इंग्रजी मोजकी, कलावतीची त्याहून मोजकी. बाकीचं राजेश्वरी कुंपणावरून पुरवायची. सकाळी छातीशी लुंगीसारखं वस्त्र गुंडाळून विहिरीवर अंघोळ कशी करायची, हे तिने शिकवलं. पहिल्या दिवशी कलावतीने खुणेने पाणी काढायचं भांडं मागितलं, तेव्हा विसाखा म्हणाली, "बाल्दिय." कलावती हसली. "बालदीच की ही! आमची पण बालदीच." विसाखालाही गंमत वाटली. तिने दोनतीनदा कलावतीकडून तो शब्द म्हणवून घेतला आणि आपल्या मुलाला हाक मारून ऐकवला. मुलगा, नंदसेन, गोदीत कारकून होता. पंचविशीचा, मितभाषी, केस चापून बसवलेले. तो म्हणाला, "छान. तमिळांना हा शब्द म्हणता येत नाही. ते 'वाल्दिय' म्हणतात."

राजेश्वरी कुंपणापलीकडे पाणी शेंदत होती. रहाटाचा आवाज तेवढा येत राहिला.

दिवस मजेत चालले होते. भल्या सकाळी विसाखा तांदळाच्या पिठाच्या बारीक शेवया वाफवायची, त्यावर खवलेला नारळ आणि लाल मिरचीचं वाटण. बसून नारळ खवायची खवणी पाहून कलावतीला माहेरची आठवण आली. इथला भात लाल आणि जाड. आमटीत सुक्या माशाची भुकटी, सुकटीसारखी पण उग्र. चहा कोरा, साखर चहात नाही, गुळाचा खडा तळहातावर. चावायचा आणि घोट घ्यायचा. घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणायचा नाही. 'गिहिन एन्नम', म्हणजे जाऊन येतो, असंच म्हणायचा. हे ऐकून कलावती राजेश्वरीला म्हणाली, "आमच्यातपण असंच. नुसतं जाते म्हटलं तर सासू खेकसते."

"आमच्यातपण," राजेश्वरी म्हणाली. "तमिळमध्येपण असंच. सगळे सारखेच गो, खाण्यापासून मरण्यापर्यंत."

जूनच्या पौर्णिमेला सगळं गाव पांढरं झालं. झाडून सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत, हातात कमळं, रस्तोरस्ती कागदाचे कंदील, येणाऱ्याजाणाऱ्याला पंगतीत बसवून वाढणारे तरुण. नंदसेनही त्यांत होता, घामाने भिजलेला, परक्या माणसांना 'अजून घ्या, अजून घ्या' म्हणत. विहारातल्या त्या गर्दीत कलावती त्रिशरण म्हणायला लागली. आजूबाजूचे हजारो अनोळखी लोक तेच शब्द, त्याच चालीत म्हणत होते. तिचे डोळे भरून आले. गुणाबाईचं म्हणणं खरं होतं. समदी आपलीच.

तिच्यासोबत आलेल्या उपासिका यात्रा आटोपून परतल्या. भंते आपल्या डोंगराकडच्या विहारात गेले. कलावती मागे राहिली, बालवाडीसाठी.

विसाखाची बालवाडी घराच्या ओसरीतच भरायची. मुलं दोन्हीकडची, सिंहली आणि तमिळ. कलावतीने त्यांना टाळ्यांचे खेळ शिकवले, त्यांच्याकडून फुलपाखराचं गाणं शिकली. जुलैच्या सुरुवातीला एक तमिळ मुलगी यायची बंद झाली. मग दुसरी. विसाखा म्हणाली, ताप असेल. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यातल्या वाण्याने राजेश्वरीकडे न बघताच तिच्या पिशवीत डाळ ओतली. कलावती तिच्याबरोबर होती. एरवी तो वाणी राजेश्वरीशी गप्पा मारताना वजन करायचं विसरायचा.

"याला काय झालं?" कलावतीने विचारलं.

"उत्तरेकडे, तमिळ मुलखात, गडबड आहे ना. तिकडे काय झालं की इकडचे आठ दिवस तोंड फुगवतात. मग होतं नीट. मी बघितलंय आधी."

एका संध्याकाळी जेवताना नंदसेनने आईला काहीतरी विचारलं. विसाखा ताटाकडे बघत भात कालवत राहिली. मग त्याने तेच कलावतीला इंग्रजीत विचारलं, अगदी सहज. तंबीराजा सकाळी किती वाजता बाहेर पडतो? रात्री घरीच झोपतात ना दोघं?

"का?" कलावती म्हणाली.

"काही नाही. चांगली माणसं आहेत ती," तो म्हणाला. "फार चांगली माणसं आहेत. पण..." आणि भाताचा घास घेतला. त्या 'पण'च्या पुढचं वाक्य त्याने गिळून टाकलं.

त्या दिवसापासून विसाखा विहिरीवर पहाटेच जाऊन यायला लागली, राजेश्वरी उठायच्या आधी. विचारलं तर म्हणाली, या वयात झोप लागत नाही.

मग जुलैची पौर्णिमा आली. रविवार होता. आदल्या दिवशी उत्तरेकडे तमिळ बंडखोरांनी सैनिक मारल्याची बातमी गावभर झाली होती, त्यांची प्रेतं कोलंबोत आणणार होते. पौर्णिमा असून विहारात माणसं कुजबुजत होती. विसाखाचं लक्ष पूजेत नव्हतं. परत आल्यावर कलावती अंगणात गेली, तर नंदसेन कामाला लागलेला. कुंपणालगत वाळक्या झावळ्यांचा ढीग कित्येक दिवस पडून होता. विसाखाने सांगून सांगून थकून सोडून दिलं होतं. तो ढीग आता नंदसेन ओढून आपल्या घराच्या मागच्या बाजूला नेत होता. मग त्याने विहिरीतून पाणी शेंदलं आणि कुंपणाच्या आपल्या बाजूच्या झावळ्यांवर ओतलं. एक बालदी, दुसरी, तिसरी. ओसरीच्या छपराचा कुंपणाकडचा कोपराही भिजवला.

कलावतीला वाटलं, बरा वागतोय मुलगा, पौर्णिमेची साफसफाई करतोय. तिने त्याला चहा नेऊन दिला. तो दोन्ही हातांनी कप घेऊन अदबीने हसला.

सोमवारी सकाळी तंबीराजा नेहमीसारखा निघाला. गल्लीत शांतता होती, बस चालू होती. त्याने कुंपणावरून कलावतीला हात केला. 'जाऊन येतो' हे त्याला राजेश्वरीने मराठीतून शिकवलं होतं, तेच म्हणाला. उच्चार इतका वाकडा होता, की दोघी हसल्या.

थोड्या वेळाने शहराच्या बाजूला धूर दिसला. आधी एक काळा खांब, मग बाजूला दुसरा, मग मोजायचं कारणच उरलं नाही. जळक्या रबराचा वास आला. आकाशातून कागदाचे काळे पापुद्रे तरंगत येऊन विहिरीत पडायला लागले. राजेश्वरी कुंपणाशी उभी होती. "पेट्ट्याकडेच आहे ना गो ते?" ती परत परत विचारत होती. "पेट्टा तिकडेच ना?"

लांबून माणसांचा आवाज यायला लागला. मिरवणुकीसारखा, पण वाद्यांशिवायचा.

विसाखा घरातून धावत आली. तिने कुंपणातल्या फटीतून राजेश्वरीला हाताला धरून अलीकडे ओढलं, न्हाणीत नेलं आणि दार लावलं. आपलं धुतलेलं पांढरं पातळ तिच्या अंगावर टाकलं. ओल्या फडक्याने कपाळावरचा कुंकवाचा टिळा खसाखसा पुसला. मग गळ्यातल्या ताळीला, तिच्या मंगळसूत्राला, हात घातला.

"नाही," राजेश्वरी म्हणाली.

"काढ," विसाखा म्हणाली. आणि तिनेच ती मानेवरून काढली आणि राजेश्वरीच्या मुठीत कोंबली. मग ती कलावतीकडे वळली. "हिला विहारात घेऊन जा. मागच्या रस्त्याने. तू इंडियाची आहेस, बौद्ध आहेस, तुला काही करणार नाहीत."

"इथेच ठेवू या ना. आत, तुमच्या खोलीत."

विसाखाने मान हलवली. "इथे नाही."

"पण का?"

"नंदसेन घरी येईल," विसाखा म्हणाली. बस, एवढंच. तिचा तो सदा हसरा चेहरा कलावतीने त्यानंतर कधी पाहिला नाही.

कलावतीही पौर्णिमेचं पांढरं पातळ नेसली आणि दोघी मागच्या गल्लीने निघाल्या. पांढऱ्या पातळातल्या दोन बायका, हातात फुलं, जणू पूजेला चालल्यात. वळणावर सात-आठ जण उभे होते. त्यांतला एकजण पुढे झाला. हातात लोखंडी गज. तो दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला आणि मग त्याने राजेश्वरीकडे बोट केलं. शेजारी नळाखाली एक पत्र्याची बालदी होती. तिच्यावर गजाने टण्कन वाजवून त्याने विचारलं, हे काय?

"बालदी," राजेश्वरी म्हणाली. माटुंग्याच्या नळावर लहानपणापासून भांडताना म्हटलेला शब्द, खणखणीत, एकही अक्षर न घसरता. "बालदी, बालदी."

"इंडियन," कलावती म्हणाली. "बुद्धिस्ट. माझी बहीण. नंगी." आणि आपोआप तिचे हात जुळले, डोळे मिटले आणि ती म्हणायला लागली, "बुद्धं सरणं गच्छामि. धम्मं सरणं गच्छामि..." शब्द एकमेकांवर आदळत होते. डोळे उघडले तेव्हा त्या माणसाने गज काखेत धरला होता आणि तोही हात जोडून उभा होता. ओठ हलत होते. संपल्यावर तो भक्तिभावाने म्हणाला, "साधु, साधु, साधु." आणि बाजूला झाला.

विहाराच्या पायऱ्या चढताना कलावतीने मागे वळून पाहिलं. राजेश्वरीच्या घराच्या जागी धूर उभा होता. विसाखाचं घर त्याला लागूनच होतं. त्याच्या छपरावरचं एक कौलही काळं झालेलं नव्हतं.

तंबीराजा परत आला नाही. विहारातून दोघींना एका शाळेत उघडलेल्या छावणीत नेलं. तिथे हजारो माणसं जमिनीवर बसून होती. प्रत्येक नव्या ट्रककडे राजेश्वरी धावायची आणि परत येऊन कलावतीच्या शेजारी बसायची. तिथेच दोघींची ताटातूट झाली. ऑगस्टमध्ये भारतीय वकिलातीच्या माणसांनी कलावतीला विमानात बसवून मद्रासला पोचवलं. विसाखाकडे आपलं सामान आणायला ती गेलीच नाही.

भिवंडीत परतल्यावर आठवड्याभराने तिचं स्वागत झालं. विहारात बायका जमल्या, हार आणला, कोणीतरी तिला पुढे बसवलं आणि म्हणालं, सांगा, तिथलं सगळं सांगा. तिने सांगितलं. शेवया, लाल भात, गुळाचा खडा, कंदील. बायका भारावून ऐकत होत्या. मग वंदनेला सुरुवात झाली. पहिल्या शब्दालाच कलावतीच्या डोळ्यांपुढे तो काखेतला गज आला. ती नुसते ओठ हलवत राहिली. गुणाबाईने ते पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "काय झालं तिथं, पोरी?"

"काही नाही, आई."

"मग तू रोज त्या जुबेदाच्या दाराकडं काय बघत ऱ्हातेस?"

जुबेदा शेजारच्या खोलीत राहायची. तिचा नवरा कादिर आझमगडकडचा, लूमवर रात्रपाळी करायचा. त्यांची दोन मुलं कलावतीच्याच बालवाडीत होती. दोन खोल्यांच्या मागे एकच अंगण, एकच नळ. कलावती आजारी पडली की जुबेदा पेज आणून द्यायची. ईदला शिरखुर्मा, आंबेडकर जयंतीला इकडून लाडू. इतकी वर्षं असंच चाललेलं.

थंडीत कलावती माटुंग्याला गेली. राजेश्वरी भावाकडे येऊन राहिली आहे, असं छावणीतल्या ओळखीतून कळलं होतं. राजेश्वरी वाळून गेली होती. कपाळाला टिळा होता, गळ्यात ताळी होती. नवरा मेल्याचं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिने दोन्ही परत घातलं होतं. मग राजेश्वरी म्हणाली, "सगळं आधी दिसत होतं गो. वाणी बोलेनासा झाला. पोरी शाळेत येईनात. विसाखा पहाटे पाण्याला जायला लागली. सगळं दिसत होतं आणि मी म्हणत होते, आठ दिवस तोंड फुगवतील आणि होईल नीट."

"मी त्याला चहा दिला," कलावती म्हणाली. "तो झावळ्या उचलत होता आणि मी त्याला चहा नेऊन दिला."

राजेश्वरीने तिच्या हातावर हात ठेवला. पण तुझी काय चूक, असं काही ती म्हणाली नाही.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात गावात भगव्या आणि हिरव्या झेंड्यांवरून कुरबुर सुरू झाली. कोणी कुठे लावला, कोणी कुठला काढला, याच्या नाक्यानाक्यावर गोष्टी. लूम चालू होते, बाजार चालू होता, भाजीवाल्या बसत होत्या. बाळाराम म्हणाला, "निवडणुका आल्या की हे असंच असतंय." पण कलावतीचे कान आता वेगळे झाले होते. नळावर एक बाई जुबेदाबद्दल म्हणाली, "बाई गुणाची हाय, पण..." आणि हंडा उचलून चालती झाली. बालवाडीत जुबेदाच्या लेकीच्या शेजारी बसणारी पोर एक दिवस दुसऱ्या ओळीत जाऊन बसली. विचारलं तर म्हणाली, आईने सांगितलं.

"तुझं डोकं फिरलंय तिकडं जाऊन," बाळाराम म्हणाला. "सगळीकडं तुला लंकाच दिसतीय."

मे महिन्याच्या मध्यावर, एका दुपारी, ती अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला गेली. चाळीच्या टोकाला चिंधूची बांबू आणि लाकडाची वखार होती. जागा पुरत नसल्यामुळे तो आपले बांबू जुबेदाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवायचा. त्यावरून जुबेदाची आणि त्याची कित्येकदा बाचाबाची झालेली. तो कधी ऐकायचा नाही. आज तो भर उन्हात, एकटाच, ते बांबू उचलत होता आणि वखारीच्या पलीकडच्या टोकाला नेऊन टाकत होता. एकेक करून, घाई न करता.

"चिंधूदादा, आज कसं काय?" कलावतीने विचारलं. तिचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"असंच, ताई," तो घाम पुसत म्हणाला. "ती बाई किती दिवस कटकट करती. म्हटलं, काढून टाकू एकदाचे." आणि तो हसला. अदबीने.

कलावती कपडे तारेवरच सोडून जुबेदाच्या खोलीत शिरली. कादिर रात्रपाळी करून झोपला होता. तिने जुबेदाला हलक्या आवाजात सांगितलं, आजच्या आज निघ. मुलांना घे, नवऱ्याला घे, कुर्ल्याला बहिणीकडे जा. चार दिवसांसाठी. जुबेदा हसायला लागली. "क्या हुआ बाई? कौन मर गया?"

"कोणी नाही मेलं. म्हणूनच जा."

"ड्युटी है इनकी. सेठ निकाल देगा."

कलावतीने मग जे केलं त्याची तिला स्वतःलाच लाज वाटली. तिने कादिरला हाका मारून उठवलं आणि खोटं सांगितलं. कुर्ल्याहून निरोप आलाय, तुझी मेव्हणी अत्यवस्थ आहे, आत्ता निघायला हवं. जुबेदाने हंबरडा फोडला. संध्याकाळच्या आत चौघं एका पिशवीनिशी रिक्षात बसून गेली. रिक्षा वळेपर्यंत कलावती नाक्यावर उभी होती. बाळाराम घरी आल्यावर तिने त्याला सांगितलं, तर तो डोक्याला हात लावून बसला. "अगं, उद्या ती बहीण ठणठणीत बघून ते परत येतील आणि आपल्या दारात येऊन शिव्या घालतील."

"घालू देत," ती म्हणाली.

ते परत यायच्या आत भिवंडी पेटली. त्या दिवसांचं वर्णन कलावती कधी कोणाकडे करत नसे. एवढंच सांगायची, की धूर तिने आधी पाहिला होता, त्यामुळे तो कोणता हे ओळखायला तिला वेळ लागला नाही. पहिल्यांदाच लूम बंद पडले होते. त्या शांततेत लांबचा आवाजही जवळ येत होता. जुबेदाच्या खोलीतलं सगळं जळालं. भिंती राहिल्या. छप्पर आत कोसळलं. बाळाराम आणि चाळीतले दोघेतिघे पाणी ओतत राहिले म्हणून आग इकडे सरकली नाही.

कर्फ्यू उठल्यावर, जूनमध्ये, जुबेदा आली. एकटी. कादिर कुर्ल्यालाच राहिला होता, त्याची इकडे पाऊल टाकायची तयारी नव्हती. ती जळक्या खोलीत शिरली, राखेत बसून काहीतरी शोधत राहिली, एक पितळी डबा सापडला तो पदरात घेतला. चाळीतल्या बायका लांब उभ्या राहून बघत होत्या. कलावती पाण्याचा तांब्या घेऊन गेली.

जुबेदाने पाणी घेतलं नाही. ती उठून उभी राहिली आणि कलावतीच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "मेरी बहन को कुछ नहीं हुआ था."

"माहीत आहे."

"तेरे को कैसे मालूम था?"

"जुबेदा, मी..."

"आग लगने वाली है, ये तेरे को पहले से कैसे मालूम था? किसने बताया तेरे को?" तिचा आवाज चढला. बायकांमध्ये चुळबुळ झाली. "कौन आता था तेरे घर? तू सबको पहचानती थी ना? नाम बोल ना उनका!"

"मला कोणी सांगितलं नाही. मी पाहिलं होतं. तिकडे, लंकेत, असंच..."

"लंका की बात मत कर मेरे से!"

कलावतीने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते. बांबू. दुपार. एकेक करून, घाई न करता. तिची नजर जुबेदाच्या खांद्यावरून पलीकडे गेली. वखारीच्या दारात चिंधू उभा होता. हातात कोयता, अर्धा तासलेला बांबू. तो दोघींकडे बघत होता, रागाने नाही, घाबरूनही नाही. नुसता ऐकत होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर, वखारीच्या भिंतीला, बाळारामची सायकल टेकलेली होती आणि सायकलशेजारी बसून गुणाबाई तांदूळ निवडत होती.

कलावतीने तोंड मिटलं.

जुबेदाने डबा छातीशी धरला आणि ती निघाली. वाटेवरच्या बायकांपैकी कोणीही तिला हाक मारली नाही. पुढे ती मंडळी मुंब्र्याकडे कुठेतरी गेली असं उडत उडत कानावर आलं. त्यांची खोली मालकाने दुरुस्त करून दुसऱ्या कोणाला तरी दिली. चाळीत मात्र एक गोष्ट पसरली ती पसरलीच. कलावतीबाईंना आधीपासून सगळं माहीत होतं. कोणी हे आदराने म्हणायचं, कोणी दबक्या आवाजात. काही आयांनी आपली पोरं दुसऱ्या बालवाडीत घातली.

त्या दिवशी जुबेदा नाक्यावरून दिसेनाशी झाल्यावर चिंधू कोयता खाली ठेवून अंगणात आला. कलावती अजून तिथेच उभी होती, हातात भरलेला तांब्या.

"ताई," तो आपुलकीने म्हणाला, "ती काय विचारत होती तुमाला?"

"काही नाही."

"तुमी काय सांगितलंत?"

"काही नाही," कलावती म्हणाली. "मला काय माहीत असणार?"

"तेच म्हनतो मी," चिंधू म्हणाला. तांब्यासाठी त्याने हात पुढे केला. तिने दिला. तो उभ्या उभ्या, वरून धार धरून, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायला.